मला वाटलं, तीनशे दोन मेलं

माझ्या बायकोला तिच्या सख्ख्या भावाच्या पोरानं फावड्यानं मारलं. दोन घाव घातले. मी वीस पावलांवर होतो. हे पहिलंच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे करून बसलो ते वाचल्यावर कुणालाही वाटंल की म्हाताऱ्याला नीट दिसलंच नसंल. दिसलं. दोन्ही दिसले. पहिला ती उभी असताना, दुसरा ती पडल्यावर.

मी चौथी शिकलेला माणूस. चितेगावच्या एका कंपनीत तीस वर्षं पत्रा दाबायच्या मशीनवर काढली. वाचता येतं, पण बोट ठेवून, आणि लवकर दमतो. कागद लांब असला की मी पहिली ओळ वाचतो, शेवटची वाचतो आणि मधल्या मजकुराला रामराम ठोकतो. जन्मभर त्यानं काही बिघडलं नाय. बिघडलं ते एकदाच.

आमचं घर शहरात, गारखेड्यात, दोन खोल्या. तिचं माहेर अजिंठ्याच्या अलीकडं. दर भाऊबीजेला आम्ही दोघं जायचो. त्या साली गेलो तं ओवाळून झाल्यावर मेव्हण्यानं ताटात साडी ठेवली आणि साडीखाली कागद. हक्कसोडीचा. आमच्याकडं ही रीतच हाय. बाप गेला की बहिणीनं साडीचोळी घ्यायची, बापाच्या शेतातला आपला हिस्सा सोडला म्हणून सही करायची आणि माहेरचा उंबरा उघडा ठेवायचा. सही न करणारी बहीण गावात वाईट ठरते.

तिनं साडी उचलली, कपाळाला लावली. कागद परत ताटात ठेवला.

"दादा, तू कसतो तवर शेत तुझंच," ती म्हणली. "पण ह्यानं शेत विकायची हाटेलवाल्याला जबान दिलीय. मग सही नाय."

ह्यानं म्हणजे भावाच्या पोरानं. तिशीचा गडी. कॉलेजला होता तवा दोन वर्षं आमच्याच घरी राहिला, तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या.

"आत्या, तुला काय करायचंय शेत?" तो म्हणला. "तुझं एक पाऊल गारखेड्यात अन् एक..."

"एक सरणावर, म्हण की! लाजतो कशाला?" ती हसली. सगळे हसले. तो नाय हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी ती मेथी उपटायला शेतात गेली. मी मागं लिंबाखाली चपलेतला काटा काढत बसलो होतो. तो हौदापाशी फावडं घेऊन पाण्याची दारं धरत होता. पुन्हा सहीवरून निघालं. तिचा आवाज चढला, त्याचा चढला, आणि फावडं वर गेलं. ती हौदाच्या कडेला पडली. मला वाटलं झालं, आता हा फावडं टाकून पळंल. त्यानं टाकलं नाय. एक पाऊल पुढं आला, वाकून बघितलं, आणि पुन्हा घातलं.

ते वाकून बघणं मी कुणाला नीट सांगू शकत नाय.

पोलिसांनी तीनशे दोन लावलं. कलम म्हणजे काय असतं मला ठाऊक नव्हतं, पण तीनशे दोन कुणाला ठाऊक नसतं? आमच्या कंपनीत कुणी काम लई अंगावर टाकलं तं फोरमन म्हणायचा, "अरे, तीनशे दोन करतो का माझा?" तिचं नाव तोंडातून निघालं की मला बोलता यायचं नाय, म्हणून केसबद्दल बोलताना मी नावच घेणं सोडलं. तारखेला निघालो की शेजारीण इचारायची, "काका, कुठं चालले?" मी म्हणायचो, "तीनशे दोनला." ती समजून घ्यायची. परतल्यावर एखादी भाकरी आणून द्यायची. मला भाकरी येत नाय. खिचडी येते.

तो हर्सूलच्या जेलात गेला. चार्जशीट लागली, खटला अदालत रोडच्या कोर्टात उभा राहिला, आणि मग तारखा. आमच्या बाजूनं सरकारी वकीलबाई होती. मधल्या वयाची, आवाज कडक, पण मला बाबा म्हणायची. एका तारखेला तिनं मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून समजावलं.

"बाबा, नीट ऐका. त्यांचा वकील म्हणणार, अचानक भांडण झालं, रागात एकच घाव बसला, मग डोकं हौदाच्या दगडावर आपटलं. असं ठरलं तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध. तीनशे चार. थोड्या वर्षांत बाहेर येईल. दुसरा घाव खरा ठरला तर तीनशे दोन. जन्मठेप. आणि तो दुसरा घाव पाहिलेला माणूस या जगात एकच आहे."

"मी."

"तुम्ही. तब्येत सांभाळा."

मी सांभाळली. साक्षीला नंबर लागायचा होता, तवर जगायचं, एवढंच काम होतं मला.

मग तो जुलै महिना आला.

आमच्याकडं मंदिराच्या ओट्यावर सकाळी आम्ही पाच-सहा रिटायर लोक बसतो. त्या दिवशी एकानं मोबाईल वर धरला.

"घ्या! आजपासून तीनशे दोन गेलं."

"गेलं म्हंजे? कुठं गेलं?"

"रद्द. कायद्याचं जुनं पुस्तकच रद्द. नवं आलं. चारशे वीस बी गेलं."

"मग चारशे वीस माणसाला आता काय म्हणायचं?"

"तीनशे अठरा."

"छ्या! तीनशे अठरा म्हणलं तं समोरच्याला लागतच नाय. सरकारनं शिवीची मजाच घालवली."

सगळे हसले. मी इचारलं, "जुन्या केसांचं काय?"

माझी केस त्यांना ठाऊक होती. मग एक जण, मनानं चांगला माणूस, मला धीर द्यावा म्हणून म्हणला, "नोटबंदीत जुन्या नोटांचं झालं तसंच असंल बघा. एकदम नाय मारत सरकार. मुद्दत देतंय."

धीर द्यायला म्हणला, पण माझ्या काळजात तेच रुतलं. नोटबंदीनंतर कितीतरी दिवसांनी आमच्या घरात तुरीच्या डब्यात तिनं ठेवलेली एक नोट निघाली होती. ती घेऊन ती बँकेत गेली, तं शिपाई हसला. म्हणला, "मावशी, फ्रेम करून लावा." म्हणजे मुद्दतीत झालं नाय की नुसता कागद. आणि माझ्या खटल्यात तं अजून एक साक्ष झाली नव्हती.

पलीकडच्या गल्लीत एक रिटायर कारकून राहतात. लिखापढीचं घराणं, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार. त्यांनी नवं पुस्तक आणलं होतं. मी गेलो.

"साहेब, नव्या पुस्तकात तीनशे दोन बघा."

त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली. "तीनशे दोन... धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशानं शब्द उच्चारणं. एक वर्षापर्यंत शिक्षा."

"म्हंजे?"

"म्हणजे दुसऱ्याच्या देवाधर्माला लागेल असं बोलणं."

"अन् तीनशे चार?"

"हिसकावणं. गळ्यातली साखळी ओढून पळणं."

मी तिथंच खाली बसलो. माझ्या बायकोची कवटी फुटली आणि आता कोर्ट म्हणणार, बोलण्याचा गुन्हा, एक वर्ष. तो तं त्याहून जास्त बसूनच झाला होता. कारकून साहेबांनी पाणी दिलं. ते म्हणले, "खून आता एकशे तीन झालाय." मी म्हणलं, "पण आमच्या कागदावर तीनशे दोन लिहिलंय ना!" त्यांनी पुन्हा एकशे तीनचं पान काढून दाखवलं. उत्तर त्याच पुस्तकात होतं, अगदी शेवटच्या कलमात. जुनं ते जुन्यानंच चालंल, असं. ते मला नंतर कळलं. शेवटच्या पानापर्यंत ना ते गेले, ना मी त्यांना जाऊ दिलं. आमचा जीव नंबरात अडकला होता.

मी कोर्टात गेलो. एकदा नाय, त्या आठवड्यात दोनदा. तिथं सगळी पळापळ. वकिलांच्या काखेत नवी पुस्तकं, वकीलबाईच्या टेबलाभोवती एवढी गर्दी की तिचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मी दाराशी एका काळ्या कोटवाल्याला थांबवलं.

"साहेब, तीनशे दोन आता नाय ना राहिलं?"

"नाही बाबा, आता एकशे तीन," तो चालता चालता म्हणला.

माणूस खोटं बोलला नाय. मी इचारलं तेवढ्याचं बरोबर उत्तर त्यानं दिलं. मीच इचारायचं होतं, माझ्या बायकोचा खून कवाचा आणि त्याला कुठला कायदा. पण मला वाटलं मला सगळं कळलंय. गोष्ट कळत नाय तवा माणूस चार जणांना इचारतो. कळलीय असं वाटलं की घरी जातो.

मी घरी गेलो. आठ दिवस दाराला कडी लावून बसलो. चूल नाय, अंघोळ नाय. शेजारीण दार वाजवायची, मी आतून म्हणायचो, "हाय जित्ता." बायकोच्या फोटोकडं पाठ करून झोपायचो. तोंड दाखवायला जागा नव्हती. तू सही केली नाय म्हणून मेलीस, आणि सरकारनं पुस्तक बदललं म्हणून तो सुटतोय, हे तिला कसं सांगायचं?

आणि त्याच दिवसांत मेव्हणा आला. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच. दारात उभा राहिला, टोपी हातात.

"दाजी, येऊ का?"

"ये. बहिणीचं घर हाय." मी म्हणलं ते टोचून, पण तो रडायला लागला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. त्याची बहीण मेली होती आणि पोरगं जेलात होतं, दोन्हीकडून त्याचंच गेलं होतं.

मी चहा केला. तो म्हणला, "दाजी, ऐकलं ना? कायदाच गेला."

"ऐकलं."

"पोरगं सुटतंय. तुम्ही काय केलं, मी काय केलं, त्यानं काय व्हणार नाय. सुटतंयच. माझी भीती वेगळी हाय." त्यानं कप खाली ठेवला. "तुमची लेक तिकडंच कोसभरावर नांदतीय. हा बाहेर आला अन् ह्याच्या मनात राहिलं की आत्याच्या नवऱ्यानं मला सडवला, तं? मी आज हाय, उद्या नाय."

"धमकी देतो?"

"पाया पडतो, दाजी." आणि खरंच पडला. सत्तरीकडं झुकलेला माणूस माझ्या पायावर. "एक कागद केलाय. तुमचा त्याच्यावर राग नाय, एवढंच. त्याच्या मनातलं वीख उतरंल. लेक सुखानं नांदंल."

त्याला बी तेच वाटत होतं जे मला वाटत होतं. दोघं अडाणी, दोघांनी एकाच कायद्याचं मढं उचललं, तो आनंदानं आणि मी रडत. एवढाच फरक. कागद मात्र त्याच्या पोराच्या वकिलानं केला होता, आणि वकील काही अडाणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलावर गेलो. नोटरीनं इचारलं, "वाचलं का बाबा?" मी म्हणलं, "व्हय." पहिली ओळ वाचली होती, तीत माझं नाव, वय, धंदा. शेवटची वाचली होती, राजीखुशीनं लिहून देतो. मधलं कशाला वाचू? खटलाच मेला म्हणल्यावर त्याच्या कागदात काय लिहिलंय याला कोण पुसतंय? सही केली.

मधल्या मजकुरात लिहिलं होतं: भाच्यानं रागाच्या भरात एकदाच फावडं उचललं, त्यानंतर माझी पत्नी तोल जाऊन हौदाच्या दगडावर पडली.

पंधरा-वीस दिवसांनी वकीलबाईचा फोन. "बाबा, आत्ताच्या आत्ता या."

गेलो. तिनं माझ्यापुढं तो कागद टाकला. "हे काय करून ठेवलंत? याच्यावर त्याचा जामीन झाला."

"जामीन? बाई, तो तं तसाच सुटणार होता ना? तीनशे दोन गेलं ना?"

ती खुर्चीत बसली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांनीच. पुस्तकात बी बघितलं. तीनशे दोन म्हंजे आता देवाधर्माला वाईट बोलणं."

"अहो बाबा! ते पहिल्या जुलैनंतर जो गुन्हा घडेल त्याला. तुमच्या मिसेस कधी गेल्या? त्या दिवशी जो कायदा होता तोच शेवटपर्यंत लागतो. आपलं तीनशे दोन जसंच्या तसं आहे. इथल्या कपाटात शेकडो जुने खटले पडलेत, सगळे जुन्याच कलमानं चालतायत. एकही मेला नाही."

"मग मला कुणी सांगितलं का नाय?"

"तुम्ही मला विचारलंत का?"

मी म्हणलं, "दोनदा आलो होतो. गर्दी होती."

बाईनं डोळ्यांवर हात ठेवला. म्हणली, "एक घाव. तुमच्या सहीनं. बाबा, माझ्याकडं दुसरं काही नव्हतं हो."

लेकीला मी फोनवर सांगितलं. समोर जायची हिंमत नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, "आप्पा, मला इचारलं का?"

"तुझ्यासाठीच केलं ना, बाई."

"माझ्यासाठी? मी त्याला भिते असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी रोज त्यांच्या दारावरून बस धरायला जाते. थुंकून जाते. आईनं सही नाय केली म्हणून मेली, अन् तुम्ही न वाचता केली."

फोन ठेवला तिनं. चार महिने उचलला नाय. मी रोज संध्याकाळी लावायचो, वाजून वाजून बंद व्हायचा. त्या चार महिन्यांत मी काय केलं म्हणलं तं काहीच नाय. एकदा हौदात उडी मारावी असं आलं मनात, मग आठवलं, गारखेड्यात हौद कुठाय. असला माणूस मी. मरायचं बी धड सुचत नाय.

साक्षीची तारीख आली तवा लेक मात्र आली. मागच्या बाकावर पदर घेऊन बसली. माझ्याकडं बघितलं नाय. तो आरोपीच्या जागी उभा होता, पांढरा शर्ट, दाढी केलेली. जेलातून नाय, घरून आला होता.

वकीलबाईनं इचारलं ते मी सगळं सांगितलं. दोन घाव सांगितले. वाकून बघितलेलं सांगितलं. मग त्यांचा वकील उठला. आवाज असा गोड की वाटावं सोयरिकीची बोलणी करतोय.

"आजोबा, ही सही कुणाची?"

"माझी."

"कुणी हात धरून करून घेतली?"

"नाय."

"मारहाण? दमदाटी?"

"मेव्हण्यानं पाय धरले. हात कुणी धरला नाय."

कुणीतरी हसलं.

"नोटरीनं विचारलं होतं, वाचलं का?"

"इचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हणलो."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तवा."

"का?"

मी जजसाहेबांकडं बघितलं. म्हणलं, "साहेब, मला वाटलं तीनशे दोन मेलं."

सगळं कोर्ट हसलं. वकील हसले, पोलीस हसला, टाइप करणारी बाई तोंडावर हात धरून हसली. मी काय म्हणलो ते त्यांना कळलंच नव्हतं, त्यांना वाटलं म्हातारा बरळतोय. जजसाहेब तेवढे हसले नाय. त्यांनी हात वर केला, गप केलं, आणि मला म्हणले, "आजोबा, गुन्हा घडतो त्या दिवशीचा कायदा लागतो. नंतर कायदा बदलला म्हणून झालेला गुन्हा पुसला जात नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"आता समदेच सांगतात, साहेब."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं मला दिसलं नाय. माझं बयान संपलं.

बाहेर आलो तं लेक शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. बोलली नाय, पण बाटली पुढं केली.

फैसला मागच्या पावसाळ्यात लागला. तीनशे चार. जेलात काढलेले दिवस वजा जाऊन थोडी वर्षं उरली. मेव्हण्यानं पेढे वाटले नाय, एवढं त्याचं चांगलं. वकीलबाईनं मला निकालातली माझ्यावरची ओळ मराठीत करून सांगितली: साक्षीदार प्रामाणिक वाटतो, परंतु त्याच्या दोन विधानांत तफावत असल्यानं दुसऱ्या घावाबाबत त्याच्यावर विसंबणं सुरक्षित नाही.

"म्हंजे मी खरा, पण माझं खरं नाय?"

"कोर्टात तसंही असतं, बाबा."

वकीलबाईचा दोष काय? जजसाहेबांचा बी नाय. कारकून साहेबांचा नाय, ओट्यावरच्या लोकांचा नाय, मेव्हण्याचा बी मी धरत नाय. दोष कुणावर तरी टाकला तं रात अंमळ सरते, हे मला ठाऊक हाय. पण टाकायला गेलो की सगळे जण आपापलं बरोबर घेऊन निघून जातात आणि मी एकटाच उरतो.

वकीलबाई म्हणली, खुनाचं कलम उतरवून कमी कलम लावलं तं मेलेल्याच्या माणसालाही हायकोर्टात अपील करता येतं. तिनंच फुकट वकील मिळतो त्या ऑफिसात पाठवलं. तिथनं मिळालेला वकील चाळिशीचा, सदा घाईत. गेल्या महिन्यात त्यानं जालना रोडला, हायकोर्टापाशी बोलावलं. लेक संगं होती. त्यानं माझ्यापुढं जाडजूड गठ्ठा ठेवला.

"बाबा, इथं सही करा. आणि इथं."

"वाचून दाखवा."

"सगळं?"

"सगळं."

"अहो, हे इंग्रजीत आहे. हायकोर्टात इंग्रजीच लागतं. थोडक्यात सांगतो."

"थोडक्यात नको. थोडक्यातनंच मेलो मी."

त्यानं लेकीकडं बघितलं. लेक म्हणली, "वाचा, साहेब. आप्पा आता उठायचे नाय."

तो वाचत गेला. एक ओळ इंग्रजी, मग तिचं मराठी. मी बोट ठेवत होतो, कळत काहीच नव्हतं, तरी ठेवत होतो. एके ठिकाणी म्हणला, आरोपीनं मयतावर फावड्यानं हल्ला केला. मी थांबवलं.

"किती घाव?"

"पुढं येतंय ते, सातव्या मुद्द्यात."

"इथं बी लिवा."

"दोनदा लिहायची गरज नसते."

"घाव बी दोनदाच घातला. लिवा."

त्यानं सुस्कारा टाकला आणि पेनानं लिहिलं. त्या इंग्रजी अक्षरांचं मराठी 'दोन' असंच होतं, हे लेकीनं खात्री करून सांगितलं, तवा मी पुढं जाऊ दिलं. दुपार टळून गेली. शेवटी मी इचारलं, "कलम जुनंच ना?"

"गुन्हा जुन्याच कलमाचा. अपिलाचा कागद मात्र आता नव्या कायद्यानं जातो."

"म्हंजे खून जुना अन् कागद नवा."

"असं समजा."

मी सही केली. मग दुसरी केली. तो वरचा कोरा तक्ता भरायला लागला. नाव, पत्ता.

"वय किती लिहू, बाबा?"

"नंबर कवा लागंल?"

"सांगता येत नाही. अपिलं खूप आहेत. काही वर्षं धरून चाला."

"मग वय कमी लिवा."

"त्यानं काय होणार?"

"कोर्टाला वाटंल, माणूस टिकतोय."

लेक खाली बघून हसली, का रडली, मला कळलं नाय. वकिलानं खरं तेच वय लिहिलं. मी आता बी.पी.ची गोळी वेळेवर घेतो, सकाळी ओट्यापर्यंत चालून येतो. तिच्यामागं लगेच जावं असं अजूनही रोज वाटतं. पण तारीख लागेपर्यंत मला मरता येत नाय.